बेटावर बिऱ्हाड : मराठवाड्यातून अंदमानात कुटुंबासह राहायला जाताना

हटबेच्या जेट्टीवर बोट लागली नाही, की तिसऱ्या दिवशी बाजारात कांदा-बटाट्याखेरीज माळवं उरत नाही. पाचव्या दिवशी कांदाही संपतो. लिटल अंदमान बेटावरच्या या गावात आम्ही मार्च २०२२ ते एप्रिल २०२५ अशी तीन वर्षं राहिलो. मी, नवरा, पाचवीत असलेली लेक आणि पहिलीतला मुलगा. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली झाली म्हणून गेलो. आमचं मूळ गाव औसा तालुक्यातलं. परत आल्यापासून लातूर, नांदेड, परभणीकडचे ओळखीचे आणि त्यांच्या ओळखीचे फोन करतात : बदली आलीय, लेकरं न्यावीत का, काय काय न्यावं, सासूबाईंचं काय करावं. फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाची बेगमी होते. जोंधळा, तूरडाळ, कुरडया, सांडगे, काळा मसाला. बेटावर जगायला नेमकी हीच वृत्ती लागते. पण आपली बेगमी उन्हावर चालते. हटबेला मे ते डिसेंबर कडक ऊन सलग चार दिवस पडलं तर नशीब. आपल्याकडे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, तिकडे तीन हजारांच्या आसपास. म्हणजे साठवायची सवय आपली उपयोगी पडते, साठवायची पद्धत मात्र नव्याने शिकावी लागते. मी पहिल्याच पावसाळ्यात वीस किलो जोंधळ्याला बुरशी लावून हे शिकले.

हो म्हणण्याआधी

'अंदमानला बदली' या शब्दांवरून काहीच कळत नाही. कुठलं बेट, हे विचारा. पोर्ट ब्लेअर हे मोठं शहर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं नाव श्री विजयपुरम झालं, पण लोकांच्या तोंडी अजून जुनंच आहे. तिथे विमानतळ, मोठं सरकारी रुग्णालय, केंद्रीय विद्यालय, कॉलेज सगळं आहे. तिथे कुटुंब नेणं म्हणजे एखाद्या लांबच्या जिल्ह्याच्या गावी नेण्यासारखं आहे. रंगत, मायाबंदर, दिगलीपूर ही गावं अंदमान ट्रंक रोडने जोडलेली आहेत. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात आणि वाटेत थांबायला, फोटो काढायला बंदी आहे. तरी निदान रस्ता आहे.

हटबेला तो नाही. पोर्ट ब्लेअरहून सुमारे १२० किलोमीटर समुद्र आणि सहा ते आठ तासांची बोट. हेलिकॉप्टर आहे, पण जागा मोजक्या आणि त्यावर आजाऱ्यांचा हक्क पहिला. २०११ च्या जनगणनेत बेटाची वस्ती १९ हजारांच्या आत होती. त्याहून दक्षिणेला निकोबार. कार निकोबार, कमोर्टा, आणि पार टोकाला ग्रेट निकोबारवरचं कॅम्पबेल बे. तिथे बोटीने दोन-तीन दिवस लागू शकतात. निकोबार जिल्ह्यात आदिवासी संरक्षणाचा १९५६ चा कायदा आहे, त्यामुळे भारतीय नागरिकालाही परवाना लागतो. तो घरातल्या प्रत्येकाचा वेगळा काढायचा, हे लक्षात असू द्या. एक गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक नसते : १९६९ पासून कॅम्पबेल बेला माजी सैनिकांची कुटुंबं वसवली गेली, आणि त्यांत पंजाबी, तमिळ, तेलुगू कुटुंबांबरोबर महाराष्ट्रातलीही होती. तेव्हा 'तिकडे आपलं कुणी नाही' असं धरून चालू नका.

बेट कळलं की त्या जागी सध्या असलेल्या माणसाला फोन लावा. साहेबांना नको, ज्याची बायको-मुलं तिथे आहेत त्याला. आणि शक्य तर त्याच्या बायकोशी बोला. मी चार प्रश्न विचारले होते, तेच तुम्हालाही सुचवते. क्वार्टर रिकामं आहे का आणि त्याचं छत कशाचं आहे? शाळा कितवीपर्यंत आणि कुठल्या माध्यमाची? रात्री दोन वाजता लेकरू तापाने फणफणलं तर कुठे जाता? पावसाळ्यात जास्तीत जास्त किती दिवस बोट आली नाही? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मागा. 'येते की अधूनमधून' हे उत्तर चालत नाही.

केंद्र सरकारी नोकरी असेल तर मुदत समजून घ्या. अंदमान-निकोबारसाठी ती साधारणपणे दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना तीन वर्षं आणि त्याहून जास्त सेवा असलेल्यांना दोन वर्षं असते. आमची दोनच होती, लेकीचं शाळेचं गणित बसावं म्हणून एक वाढवून घेतली. बदलीचं एकरकमी अनुदान इतरत्र मूळ वेतनाच्या ८० टक्के मिळतं, अंदमान आणि लक्षद्वीपसाठी ते पूर्ण एका महिन्याच्या मूळ वेतनाइतकं असतं. ही रक्कम सामानाच्या हिशेबात धरा, पण तेवढ्यात भागेल असं समजू नका.

कधी निघायचं

मुलं असतील तर याचं उत्तर एकच : फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी पाऊस अंदमानात पोचतो आणि समुद्र खवळतो. ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दिवस. फेब्रुवारी-मार्चला पाणी त्यातल्या त्यात शांत असतं.

दुसरं कारण शाळेचं. तिथल्या सरकारी शाळा सीबीएसईच्या, वर्ष एप्रिलला सुरू होतं. आपल्या सवयीने जूनमध्ये गेलात तर दोन महिन्यांचा अभ्यास बुडालेला असतो. म्हणून जानेवारीतच मुख्याध्यापकांना भेटून वार्षिक परीक्षा, निकाल आणि शाळा सोडल्याचा दाखला यांचं ठरवून घ्या. दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या बोर्डात जाताना दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. जिल्हा परिषदेत त्या एका सहीसाठी आम्ही तीन खेपा घातल्या. निघायच्या आठवड्यात हे काम ठेवू नका.

मूल नववी ते बारावीत असेल तर माझं स्पष्ट मत आहे : नेऊ नका, किंवा बदली पुढे ढकलता येते का ते बघा. लातूरच्या लोकांना तर हे सांगायलाच नको. महाराष्ट्रात राज्य कोट्यातून वैद्यकीय प्रवेश घ्यायचा तर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी, हा मूळ नियम आहे. अपवाद आहेत, पण ते त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः शब्द न् शब्द वाचा. कुणी तरी सांगितलं म्हणून लेकराची दोन वर्षं पणाला लावू नका. आम्ही सहावी, सातवी, आठवी तिथे केली आणि नववीला लातूर गाठलं.

कागद

सगळे मूळ कागद एका जाड, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि ती पिशवी प्रवासभर खांद्याला. ती सामानात टाकायची नाही, विमानाच्या पोटातही द्यायची नाही. त्यात दाखले, जन्माचे दाखले, मुलांची लसीकरण कार्डं, जातीचं प्रमाणपत्र आणि पडताळणी, रहिवासी दाखला, डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या. तहसीलमधून जे काढायचं ते निघण्याआधीच काढा. बेटावर बसून औशाच्या तहसीलमधला कागद मिळवणं म्हणजे कुणा तरी नातेवाइकाचे चार दिवस खाणं.

शेती असेल तर तिची व्यवस्था लावून जा. बटईनं द्यायची की ठोक्यानं, ते कागदावर घ्या, भावाशी व्यवहार असला तरी. ई-पीक पाहणी शेतात उभं राहून मोबाइलवर करावी लागते, ती कोण करणार? पीक विम्याचा अर्ज कोण भरणार? घरातल्या एका विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलं की ऐन हंगामात फोनवरची तणतण वाचते. गॅस कनेक्शन जमा करून त्याची पावती घ्या. रेशनकार्डाचं काय करायचं ते पुरवठा कार्यालयात विचारून घ्या, कारण सासू-सासरे गावीच राहणार असतील तर नाव कमी करताना त्यांचं धान्य अडायला नको.

दात आणि डोळे तपासून, जे करायचं ते करून जा. हे कागदाच्या कामाबरोबरच लिहिते, कारण ते असंच राहून जातं. चष्म्याचा दुसरा जोड हवाच.

सामान

लातूरहून हटबेपर्यंत प्रत्येक खोका किमान सहा वेळा उचलला जातो. ट्रकमध्ये, चेन्नईच्या गोदामात, बोटीत, पोर्ट ब्लेअरला उतरवताना, दुसऱ्या बोटीत, आणि शेवटी हटबेच्या जेट्टीवर. तिथे तो बहुधा एकटा माणूस डोक्यावर घेतो. म्हणून एकही नग वीस-पंचवीस किलोच्या वर जाऊ देऊ नका. प्रत्येकावर हिंदीत नाव, बेटाचं नाव आणि क्रमांक, आणि कुठल्या क्रमांकात काय याची यादी तुमच्या वहीत. पोचायला महिना-दीड महिना धरा.

काय नेऊ नये? सागवानी कपाट, सोफा, कापसाच्या जाड गाद्या. लाकडाला बुरशी येते, गादी ओल धरते आणि तो वास काही केल्या जात नाही. गोधडी एकच न्या, पातळ. पुस्तकं थोडी न्या आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात तर मुळीच नको. मोटारसायकल न्यायची तर आरटीओची ना-हरकत, बोटीचं भाडं, तिथली नोंदणी, आणि खाऱ्या हवेने वर्षभरात गंजलेला सायलेन्सर. आम्ही इथली विकली आणि तिथे जुनी घेतली, त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

काय न्यावं, यात मी थोडी रमणार आहे. क्लिपचं झाकण असलेले प्लॅस्टिकचे ड्रम, वीस ते पन्नास लिटरचे, निदान सहा. रंग दिलेल्या पत्र्याच्या पेट्या दोन. कुकरच्या रिंगा आणि शिट्ट्या जास्तीच्या, मिक्सरचं एक जास्तीचं भांडं, गॅसची नळी. असल्या बारक्या वस्तूंसाठी पोर्ट ब्लेअरची फेरी पडते. घरघंटी न्याच. गिरणी आहे तिथे, पण ती तांदूळ आणि गव्हाची. जोंधळ्याचं पीठ तिथे कुणी दळत नाही, आणि नेलेलं पीठ पंधरा दिवसांत कडवट होतं.

जोंधळा नेताना घरी चांगली चार उन्हं द्या, पूर्ण गार होऊ द्या, मगच ड्रममध्ये भरा आणि ड्रम गळ्याशी भरा, वर पोकळी ठेवू नका. मी अर्धे ड्रम भरले होते, आणि रोज सकाळी झाकण उघडलं की दमट हवा आत. आता सांगते : मोठा ड्रम महिन्यातून एकदाच, ऊन असलेल्या दुपारी उघडायचा, आठ-दहा किलो छोट्या डब्यात काढून घ्यायचं आणि पुन्हा घट्ट लावायचा. तूरडाळीला एरंडेल तेल चोळून नेलं तर कीड लांब राहते. शेंगदाणे भाजून नेऊ नका, खवट होतात. कच्चे न्या आणि लागतील तसे भाजा.

आणि येसर. आपल्या मराठवाड्याने बेटासाठीच शोधून काढला असावा असा पदार्थ. डाळी-धान्यं भाजून, मसाल्यासह दळलेलं पीठ, घट्ट डब्यात सहा महिने टिकतं, आणि बोट चुकलेल्या आठवड्यात गरम पाण्यात कालवून फोडणी दिली की कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरचं कालवण, तयार. पहिल्या वर्षी दोन किलो नेलं, दुसऱ्या वर्षी पाच. शेजारच्या बंगाली दीदी माशाच्या रश्श्याला घट्टपणा यावा म्हणून आमच्याकडून येसर न्यायच्या.

कपड्यांच्या कपाटात चाळीस वॅटचा साधा बल्ब सतत चालू ठेवतात तिथे, ओल राहू नये म्हणून. पहिल्यांदा मला हे वीज उधळणं वाटलं. रेशमी साड्यांवर पांढरे ठिपके पडल्यावर मीही लावला. कॅमेरा, लॅपटॉप, मुलांची प्रमाणपत्रं बंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह. शिलाई मशीन, कात्र्या, विळी यांना खोबरेल तेलाचा हात आठवड्यातून एकदा.

प्रवास

नांदेड, परभणी, जालन्याकडच्यांना सिकंदराबाद गाठणं सोपं, देवगिरी एक्स्प्रेस आहेच. तिथून रात्रीच्या गाडीने चेन्नई. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर विमानाने दोन-अडीच तास. बोटही आहे, चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून, साधारण तीन दिवसांची. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर पहिल्यांदा विमानच घ्या. बोटीचं वेळापत्रक बदलतं आणि चेन्नईत लॉजवर चार दिवस बसून राहिलात की विमानाएवढा खर्च तिथेच होतो. मुलं मोठी असतील तर नंतर एकदा बोटीने जरूर या, तीन दिवस फक्त पाणी बघणं ही आपल्या मुलांसाठी आयुष्यभराची गोष्ट आहे.

आमची मोठी चूक पोर्ट ब्लेअरला झाली. चेन्नईहून सकाळी उतरलो, दुसऱ्या दिवशीची हटबेची बोट पकडायची म्हणून दोन पेट्या ओळखीच्या माणसाबरोबर त्याच दिवशीच्या बोटीने पुढे पाठवून दिल्या. दुसऱ्या दिवशी हवा बिघडली, बोट रद्द. तिसऱ्या दिवशीही. चार रात्री अडकलो, आणि नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या पेटीत. गोळ्या पोर्ट ब्लेअरला मिळाल्या, कारण ते शहर आहे. हेच उलट झालं असतं तर?

तेव्हापासूनचा नियम : सात दिवसांची औषधं, मुलांचे दोन जोड, कागद, रोख पैसे आणि खायला काही, हे अंगाबरोबर. पोर्ट ब्लेअरला तीन रात्री धरूनच चला. बेटांमधल्या बोटींची तिकिटं जहाज संचालनालयाच्या खिडकीवर मिळतात, बोट फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते. चेन्नई-कोलकात्याच्या मोठ्या बोटी हॅडो धक्क्याला लागतात, रिक्षावाल्याला सांगताना गल्लत करू नका. उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. हलकं खा, पण पोट रिकामं ठेवू नका. डेकवर मोकळ्या हवेत, क्षितिजाकडे बघत बसा. माझा मुलगा खाली बंकवर फोन बघत बसला आणि सहा तास कण्हत होता, लेक वर उभी राहून डॉल्फिन मोजत होती.

पहिला आठवडा : आधी उंच जागा

क्वार्टरमध्ये सामान लावण्याआधी एक काम करा. शेजाऱ्याला विचारा : समुद्र चढला तर तुम्ही कुठे पळता? मग मुलांना घेऊन त्या वाटेने चालत जा. एकदा दिवसा, एकदा अंधारात टॉर्च घेऊन.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी दहा वर्षांची होते. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. आमच्या गावात भिंती पडल्या, माणसं वाचली. किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंतींनी झोपेतच माणसं घेतली. त्यानंतर कित्येक महिने आम्ही अंगणात झोपलो. भूकंप म्हटला की माझं अंग अजून गार पडतं. म्हणून सांगते : अंदमान-निकोबार देशातल्या भूकंपाच्या सर्वांत तीव्र पट्ट्यात येतं, आणि आपल्या अंगात मुरलेली सवय, घराबाहेर पळून मोकळ्यावर बसायचं, ती तिथे अर्धीच बरोबर आहे. बाहेर पळा, पण थांबू नका. उभं राहणं अवघड व्हावं इतका हादरा बसला, किंवा हळू असला तरी बराच वेळ चालला, तर भोंग्याची वाट न बघता चढाला लागा. हैदराबादच्या केंद्रातून त्सुनामीचे इशारे येतात, ती व्यवस्था चांगली आहे, पण जवळच्या भूकंपात लाटेला फार वेळ लागत नाही. समुद्र मागे सरलेला दिसला तर बघायला जाऊ नका. पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरू नका, मागून आणखी येतात. २६ डिसेंबर २००४ ला हटबेची किनाऱ्यालगतची वस्ती उद्ध्वस्त झाली. ज्यांनी ते पाहिलं ती माणसं तुमच्याच गल्लीत राहतात. त्यांना विचारा, ते सांगतात.

मुलांसाठी आणखी थोडे नियम, पहिल्या दिवसापासून. खाडीत, ओढ्याच्या मुखाशी उतरायचं नाही. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि फलक उगाच लावलेले नाहीत. नारळाच्या झाडाखाली खेळायचं नाही. किनाऱ्यावरच्या वाळूमाशा चावतात त्या जागी खाजवलं की जखम होते आणि दमट हवेत ती महिना-महिना चिघळते. जाताना पायांना खोबरेल तेल चोपडायचं, आणि चावल्यावर खाजवायचं नाही. पावसाळ्यात चिखलात अनवाणी नको. अंदमानात लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे दूषित चिखल-पाण्यातून होणारा ताप, जुना आहे, पायाला कापलेलं असेल तर गमबूट घालूनच बाहेर. मच्छरदाणी रोज.

पाणी, माळवं, पैसे

आम्हाला वाटलं होतं, तीन हजार मिलिमीटर पाऊस, आता पाण्याची चिंता मिटली. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं ते दिवस आम्ही काढलेले. पण डोंगराळ बेट पाणी धरून ठेवत नाही. खुद्द पोर्ट ब्लेअर मुख्यतः एका धनीखारी धरणावर अवलंबून, आणि कोरड्या महिन्यांत तिथे पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा सुटतं. हटबेलाही मार्च-एप्रिलात आमचा नळ बारीक व्हायचा. तेव्हा लातूरचं शिक्षण कामी आलं. धुण्याचं पाणी संडासाला, भाजी धुतलेलं आळ्याला. पत्र्याच्या पन्हळीखाली ड्रम लावून पावसाचं पाणी धरायला मी शेजारच्या दोन घरांना शिकवलं. पिण्याचं पाणी मात्र उकळूनच.

परसात लगेच काही तरी लावा. शेवगा, वांगी, मिरची, अंबाडी, भेंडी चांगली येतात. मेथी-कोथिंबीर पावसात सडते, ती डिसेंबरनंतर. रोपांचा मोठा शत्रू म्हणजे मुठीएवढी आफ्रिकन गोगलगाय. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ही बेटं ताब्यात घेतली तेव्हा ती इथे आली आणि कायमची राहिली. रात्री टॉर्च घेऊन वेचून काढणं हा एकच खात्रीचा उपाय. हातमोजे घालून वेचा. मुलांना मी एका गोगलगाईमागे एक रुपया देत होते.

पैशांचं सोपं झालंय. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल सुरू झाली, तिचा एक फाटा लिटल अंदमानलाही आहे. मोबाइलवरून पैसे देता येतात. तरी पंधरा दिवसांचा खर्च रोख घरात ठेवा.

दवाखाना

साध्या तापा-खोकल्याला गावातला सरकारी दवाखाना पुरतो. मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत रुग्णालय. कायमची औषधं तीन महिन्यांची घरात हवीत. दोन महिन्यांची उरली की मागवायची, संपल्यावर नाही. बाळंतपण असेल तर आठवा लागताच पोर्ट ब्लेअरला किंवा माहेरी जा. दिवस भरत आलेली बाई आणि रद्द झालेली बोट, ही जोडी मी एकदा शेजारी पाहिली आहे. हेलिकॉप्टर मिळालं, सगळं नीट झालं, पण ती रात्र कुणावर येऊ नये.

हृदयरोग किंवा डायलिसिसवर असलेल्या वडीलधाऱ्यांना दूरच्या बेटावर नेऊ नका. माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या, तब्येतीने ठणठणीत. त्यांना आम्ही डिसेंबर ते मार्च आणायचो, दोन वर्षं. बाकी वेळ त्या दिरांकडे.

माणसं

हिंदी सगळ्यांना येते, हीच बेटांची भाषा आहे. आमच्या आळीत बंगाली, तमिळ, तेलुगू, झारखंडकडून पूर्वी आलेली रांची लोकं, थोडी निकोबारी कुटुंबं. दुर्गापूजा सगळ्या गावाची असते. मोठ्यांना दादा, दीदी म्हणा, पहिल्या आठवड्यात स्वतःहून दार वाजवा. तिथला एक रिवाज फार चांगला : कुणी पोर्ट ब्लेअरला निघालं की आधी शेजारी विचारून जातं, काय आणू? तुम्हीही विचारा. तिसऱ्या महिन्यात आमच्यासाठी कुणी तरी कढीपत्ता आणला, तेव्हा आम्ही त्या आळीचे झालो.

बेटाचा मोठा भाग ओंगे आदिवासींसाठी राखीव आहे. ते दीडशेहूनही कमी उरले आहेत. त्यांच्या हद्दीत जाणं, त्यांचे फोटो काढणं हा गुन्हा आहे. मुलांना कायदा म्हणून सांगू नका, कारण सांगा : बाहेरून येणारा साधा सर्दी-खोकलाही त्यांना महागात पडू शकतो, आणि हे बेट आधी त्यांचं आहे.

शाळेत मराठी नाही. हिंदी, इंग्रजी, काही ठिकाणी बंगाली, तमिळ, तेलुगू माध्यमं. माझ्या मुलाला पहिले चार महिने हिंदीतलं गणित कळत नव्हतं, मग सुटला. उलट मराठी मागे पडू लागली. रोज सांजच्याला अर्धा तास मोठ्याने मराठी वाचणं आणि आजीला दर रविवारी हाताने पत्र, हे दोन आम्ही सोडलं नाही. तिथे दिवस लवकर मावळतो, डिसेंबरात सव्वापाचलाच अंधार, त्यामुळे संध्याकाळ मोठी असते. ती आधीच कशाने तरी भरून ठेवा, नाही तर फोन ती भरतो.

एक अवघड बोलणं, निघण्याआधी

गावी कुणाचं काही झालं तर तुम्ही वेळेत पोचाल याची खात्री नाही. सगळं जुळून आलं तर हटबे ते लातूर दोन दिवस, नाही तर पाच. निघण्याआधी सासू-सासरे, आई-वडील, भाऊ, सगळ्यांना एकत्र बसवून हे बोला. आम्ही पोचलो नाही तर थांबू नका, कोण काय करेल ते आत्ताच ठरवू. माझे वडील ऑक्टोबर २०२३ मध्ये गेले. दोन दिवस बोट नव्हती. मला सावडायलाही पोचता आलं नाही, दहाव्याला पोचले. भावाने सगळं केलं आणि मला एका शब्दाने बोलला नाही, कारण हे आम्ही अण्णांसमोरच ठरवलं होतं. अण्णाच म्हणाले होते, 'माझ्यासाठी खवळलेल्या पाण्यात लेकरं घालू नको.'

घरातल्या सगळ्यांच्या विमान तिकिटांएवढे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला हात लावू नका.

परतीची तयारी

मुदत संपायच्या सहा महिने आधी इथल्या शाळेत चौकशी सुरू करा आणि तिथल्या दाखल्यावरही प्रतिस्वाक्षरी घ्या. परत आणायचं सामान गेलं त्याच्या निम्मं असावं. घरघंटी, ड्रम, पत्र्याच्या पेट्या, मच्छरदाण्या तिथेच ठेवा. आमच्या जागी परभणीकडचं एक कुटुंब आलं, दोन लहान मुली. ड्रम मी धुवून, उन्हात वाळवून, झाकणं लावून ओट्याखाली ठेवले, प्रत्येकावर किती किलो मावतं ते खडूने लिहून. येसराचा डबा वर फळीवर होता, तो त्यांना फोनवर सांगितला.